वादळानंतर पडद्यावरचे वादळ

11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान हे चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. पावसाळा सरून मासेमारीचा हंगाम भरात आलेला असतानाच ते आल्यामुळे कोकण किनाऱ्यावरच्या अनेक नौका भर समुद्रात सापडल्या आणि काही खलाशी परत आलेच नाहीत. दोनच दिवसांनी, 13 नोव्हेंबरच्या शुक्रवारी, दोन चित्रपट प्रदर्शित झाले. एक हॉलिवूडचा ‘2012’, ज्यात महासागर पर्वतांवर चढतात आणि जग बुडते. दुसरा हिंदीतला ‘तुम मिले’, ज्यात 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या महापुरात एकेकाळचे प्रेमिक पुन्हा भेटतात. दोन्हींच्या तारखा वादळाच्या कितीतरी आधी ठरल्या होत्या. त्यामुळे कुणी मुद्दाम कुणाच्या जखमेवर मीठ चोळले असे म्हणता येत नाही. तरीही एकीकडे पडद्यावर पाण्याचे तांडव तिकीट काढून पाहिले जात होते आणि दुसरीकडे काही घरांत समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहिली जात होती, ही गोष्ट उरतेच. खऱ्या आपत्तीपाठोपाठ आपत्तीपट दाखवणे असंवेदनशील आहे का, हा प्रश्न आपल्याकडे याहून नेमका क्वचितच उभा राहिला असेल.

पनवेलच्या वाचकाला हा प्रश्न लांबचा वाटण्याचे कारण नाही. पळस्पे फाट्यावरून कोकणाची वाट सुरू होते. महाड, पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धनकडची कितीतरी कुटुंबे नोकरीधंद्यासाठी पनवेल, कळंबोली, कामोठ्यात स्थिरावली आहेत; गावाकडे घर, भाऊबंद आणि थोडीफार वाडी अजून आहे. या एका रायगड जिल्ह्याने गेल्या वीस वर्षांत काय काय पाहिले ते आठवावे. जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. 22 जुलै 2021 रोजी तळिये गावावर डोंगर आला. आणि 19 जुलै 2023 च्या रात्री पनवेलच्या शेजारच्याच खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ज्या भागात आपत्तीचा पावसाळा वारंवार येतो, तिथे ‘किती दिवसांनी दाखवावे’ ही केवळ शिष्टाचाराची चर्चा राहत नाही. माझे म्हणणे असे आहे की या प्रश्नाचे उत्तर दिवस मोजून मिळत नाही. चित्रपट स्वतः निर्दोष असू शकतो. असंवेदनशीलता असते ती दुःख चालू असताना, न विचारता आणि त्या दुःखाचा विचारही न करता तो समोर आणून ठेवण्यात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपत्तीच्या पहिल्या दिवसांत टीव्हीवरचा चित्रपट पाहतो कोण? ज्याचे घर पडले तो नव्हे. निसर्ग वादळाने ताशी शंभर-एकशे दहा किलोमीटर वेगाने रायगडच्या किनाऱ्यावर धडक दिली, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, घरांचे पत्रे आणि कौले उडाली, मोबाइलचे मनोरे बंद पडले. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. तिथे टीव्ही लागतच नव्हता. टीव्ही लागत होता तो मुंबई, ठाणे, पनवेल येथे राहणाऱ्या त्यांच्या मुलाबाळांच्या घरी. तेव्हा कोरोनाच्या टाळेबंदीमुळे सिनेमागृहे बंद आणि माणसे घरातच होती. गावी फोन लागत नाही, आई-वडील कुठे आहेत कळत नाही, ई-पासशिवाय निघताही येत नाही, अशा अवस्थेत ही माणसे रिमोट हातात घेऊन एका वाहिनीवरून दुसरीवर जात होती. आपत्तीपटाचा खरा प्रश्न या कडेच्या वर्तुळातल्या माणसांचा आहे. वादळ त्यांच्या डोक्यावरून गेलेले नसते, पण मनातून गेलेलेही नसते. ‘पीडितांना टीव्ही बघायला वेळ कुठे असतो’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा आहे. आपत्तीत एक घर कोसळते तेव्हा त्या घराशी नात्याने बांधलेली चार घरे दुसऱ्या गावांत जागी असतात.

या कडेच्या वर्तुळावर पडद्याचा परिणाम किती होतो याचा पुरावा आहे. एप्रिल 2013 मध्ये अमेरिकेत बोस्टन मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले. त्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन येथील संशोधकांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. स्फोटानंतरच्या आठवड्यात ज्यांनी रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ स्फोटासंबंधीची दृश्ये आणि बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र मानसिक ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली. हा निष्कर्ष थक्क करणारा आहे, पण तो नीट वाचायला हवा. ज्यांना आधीच जास्त अस्वस्थ वाटत होते तेच अधिक काळ टीव्हीला खिळून राहिले असण्याची शक्यता उरते. शिवाय ही पाहणी खऱ्या दृश्यांची होती, कल्पित चित्रपटाची नव्हे. रंगवलेली लाट आणि खरी लाट यांतला फरक प्रेक्षकाला कळतो. तेव्हा या अभ्यासावरून ‘आपत्तीपट मन आजारी करतो’ असे म्हणणे चूक ठरेल. त्यावरून एवढेच म्हणता येते की आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यात मन नेहमीसारखे नसते आणि पडद्यावरून येणारी गोष्ट तेव्हा नेहमीपेक्षा खोल लागते. आपल्या प्रश्नासाठी एवढे पुरेसे आहे. एखादी गोष्ट एरवी करमणूक असते म्हणून ती त्या आठवड्यातही करमणूकच राहील, हे गृहीत धरता येत नाही.

जगात इतरत्र काय केले गेले तेही पाहण्यासारखे आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीच्या वेळी जपानमध्ये क्लिंट ईस्टवूडचा ‘हिअरआफ्टर’ सुरू होता. त्याच्या आरंभीच 2004 च्या त्सुनामीचे भीषण दृश्य आहे. वितरकांनी तो काही दिवसांतच सिनेमागृहांतून काढून घेतला. चीनमधल्या 1976 च्या तांगशान भूकंपावरचा ‘आफ्टरशॉक’ त्याच मार्चच्या अखेरीस जपानमध्ये येणार होता. तो लांबणीवर पडला आणि तिथे लागला तो 2015 मध्ये. 2011 च्याच एप्रिलअखेरीस अमेरिकेच्या दक्षिण भागात टॉर्नेडो वादळांची मालिकाच आली. तेव्हा फॉक्स वाहिनीच्या तीन विनोदी कार्टून मालिकांचे वादळावर बेतलेले भाग एकाच रात्री दाखवले जाणार होते. वाहिनीने ते थांबवले आणि ऑक्टोबरमध्ये दाखवले. चौथे उदाहरण वेगळे आहे. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये भूकंप झाला, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या भूकंपावरचा ‘सॅन आंद्रेआस’ महिनाभरावर आला होता. निर्मात्यांनी तारीख बदलली नाही. त्यांनी जाहिरातीत बदल करून भूकंपग्रस्तांना मदत कशी पाठवावी आणि भूकंपात स्वतःला कसे वाचवावे ही माहिती तिच्यात घातली. म्हणजे मार्ग एकच नाही. कुणी मागे घेतले, कुणी पुढे ढकलले, कुणी संदर्भ जोडला. चौघांनीही चालू असलेल्या दुःखाची दखल घेतली, आणि त्यासाठी कुणाच्या कायद्याची वाट पाहिली नाही.

आता दिवस मोजणे का फसते ते पाहू. जून 2013 मध्ये उत्तराखंडात महाप्रलय आला. त्या पार्श्वभूमीवरचा ‘केदारनाथ’ डिसेंबर 2018 मध्ये, साडेपाच वर्षांनी, आला. तरी त्याला कडवा विरोध झाला आणि उत्तराखंडातल्या सात जिल्ह्यांत त्याचे प्रदर्शन रोखले गेले. विरोधाचा मोठा भाग मृतांच्या स्मृतीसाठी नव्हता. हिंदू मुलगी आणि मुसलमान तरुण यांच्या प्रेमकथेला होता. याच्या उलट ऑगस्ट 2018 च्या केरळमधल्या महापुरावरचा मल्याळम चित्रपट ‘2018’ मे 2023 मध्ये, म्हणजे पाच वर्षे पुरी होण्याआधीच आला. ज्यांच्या घरांत पाणी शिरले होते, ज्या राज्यात चारशेहून अधिक माणसे गेली होती, त्याच राज्याने त्याला डोक्यावर घेतले. तो भारतातर्फे ऑस्करसाठीही पाठवला गेला. प्रलयाचे वय जवळजवळ सारखे, अनुभव मात्र उलटा. कारण केरळच्या प्रेक्षकाला त्यात आपण दिसलो: होड्या घेऊन धावलेले मच्छीमार, एकमेकांना ओढून काढणारे शेजारी. तिसरे उदाहरण तर घरचेच आहे. मुंबईवरच्या 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर, 30 नोव्हेंबरला, तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख ताजमहाल हॉटेलची पाहणी करायला गेले. त्यांच्याबरोबर त्यांचे अभिनेते पुत्र रितेश आणि दिग्दर्शक राम गोपाल वर्मा होते. महाराष्ट्र संतापला, आणि त्यानंतर काही दिवसांतच विलासरावांना पद सोडावे लागले, त्यात या संतापाचा वाटा मोठा होता. तेव्हा कुणी चित्रपटाची एक चौकटही चित्रित केलेली नव्हती. पुढे मार्च 2013 मध्ये वर्मांचा त्या हल्ल्यावरचा चित्रपट आला, तेव्हा तसा क्षोभ उसळला नाही. लोकांना खुपली होती ती कला नव्हे. राख निवण्याआधी कुणी तिच्यात विषय शोधायला आला आहे, ही शंका त्यांना खुपली होती.

या उदाहरणांवरून निर्णयासाठी तीन प्रश्न हाती येतात. पहिला, दुःख अजून चालू आहे का? इर्शाळवाडीत अरुंद, निसरड्या पायवाटेमुळे यंत्रे वर नेता आली नाहीत. पावसात, चिखलात, हाताने उपसा करावा लागला. 23 जुलैला शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. ते चार दिवस पनवेलसकट सगळ्या रायगडासाठी दुःख चालू असण्याचे दिवस होते. आपले माणूस ढिगाऱ्याखाली जिवंत असेल ही आशा कुणाला तरी होती, म्हणून कोसळणाऱ्या डोंगराचा थरार त्या चार दिवसांत पडद्यावर नको. दुसरा प्रश्न, पाहणाऱ्याने ते निवडले आहे का? तिकीट काढून जाणारा किंवा ओटीटीवर नाव शोधून चित्रपट लावणारा माणूस आपल्या मनाला जाणतो. पण टीव्हीवरचा चित्रपट आणि त्याहून जास्त त्याची जाहिरात न विचारता येते. मालिकेच्या मध्ये, मुले जेवायला बसलेली असताना, अर्ध्या मिनिटात इमारती कोसळतात. तिसरा प्रश्न, त्या आपत्तीवर विक्री चालली आहे का? वादळाच्या आठवड्यातच वादळाचा चित्रपट शोधून ‘आज रात्री बघा’ म्हणून लावला जात असेल, तर तो योगायोग नसतो. तिथे लोकांच्या भीतीचे टीआरपीत रूपांतर करण्याचा हिशेब असतो. तिन्ही उत्तरे ‘हो, नाही, हो’ अशी आली तर ते प्रदर्शन असंवेदनशील आहे, आपत्तीला एक दिवस झालेला असो वा महिना. तिन्ही उलट आली, तर हरकत घेण्याचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यवहाराचा. पृथ्वीवर रोज कुठे ना कुठे पूर, भूकंप, वादळ असतेच. एवढे पाळायचे तर आपत्तीपट कधीच दाखवता येणार नाहीत. आक्षेप खरा ठरला असता, जर मागणी सगळ्या जगाच्या दुःखासाठी सगळ्यांनी थांबण्याची असती. पण आपल्याकडे लग्नाची वरात एखाद्या मयत झालेल्या घरावरून जाते, तेव्हा तेवढ्या दारापुरती वाजंत्री थांबवतात. लग्न मोडत नाहीत, वरात माघारी नेत नाहीत, साऱ्या गावाला गप्प बसवत नाहीत. त्या दारापुढून पुढे गेले की ताशा पुन्हा वाजतो. मर्यादा जागेची आहे आणि वेळेचीही, म्हणूनच ती पाळता येते. मराठी वाहिन्यांचा प्रेक्षक प्रामुख्याने महाराष्ट्रातला आहे. महाराष्ट्रातल्या आपत्तीत चार-आठ दिवस तशाच विषयाचा चित्रपट बदलून दुसरा लावणे त्यांना अशक्य नाही. गावोगावचे केबलवाले स्वतःच्या वाहिनीवर चित्रपट लावतात, त्यांना तर कुणाच्या घरी काय झाले आहे हे माहीतच असते. सिनेमागृहाला ठरलेला खेळ काढून टाकणे अवघड आहे हे मान्य. पण तिथे प्रेक्षक निवड करून येतो, त्यामुळे तिथली जबाबदारीही कमी आहे. फयानच्या वेळच्या त्या शुक्रवारी दोन्ही चित्रपट रद्द व्हायला हवे होते असे मी म्हणणार नाही. मुंबई-पुण्यात ते लागले यात वावगे नव्हते. किनाऱ्यावरच्या ज्या गावांत नौका यायच्या बाकी होत्या, तिथल्या पडद्यांनी आठवडाभर थांबणे मात्र शोभले असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोकांनाच अशा वेळी असे चित्रपट पाहायचे असतात, मग त्यांना नाकारणारे आपण कोण? 2020 च्या सुरुवातीला कोरोना पसरू लागला, तेव्हा साथीच्या रोगावरचा ‘कंटेजन’ हा 2011 चा चित्रपट जगभर पुन्हा शोधून पाहिला गेला. त्याच काळातल्या एका पाहणीत भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक त्रास तुलनेने कमी दिसला आणि जगबुडीच्या चित्रपटांच्या चाहत्यांची मनाची तयारी अधिक असल्याचे आढळले. चित्रपटामुळे माणसे खंबीर झाली की मुळात खंबीर माणसेच असे चित्रपट पाहतात, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. तरी भीतीला सुरक्षित जागेवरून पाहण्याची माणसाची गरज खरी आहे, हे मला मान्य आहे. ज्या संकटाचा आकार कळत नाही त्याला कथेत आरंभ, मध्य आणि शेवट मिळतो आणि मनाला आधार वाटतो. पण हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच जातो. ‘कंटेजन’ लोकांनी स्वतः शोधला, तो कुणी त्यांच्या दिवाणखान्यात आणून सोडला नव्हता. ज्याला भीतीशी झुंज देऊन पाहायची आहे त्याने जरूर पाहावे, आणि त्याला अडवणारा नियम मला नको आहे. पण ज्याची अजून तयारी नाही, त्याच्यावर ती झुंज लादण्याचा हक्क कुणालाच नाही.

तिसरा आक्षेप असा, की आपत्तीपट शहाणे करतात. आपत्तीच्या ताज्या आठवणीतच लोक शिकतात. वेळेबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे, शिकवणीबद्दलचे मात्र तपासायला हवे. अमेरिकेत 1963 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात आपत्ती संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचे एक संस्थापक एन्रिको क्वारंटेली यांनी आयुष्यभर प्रत्यक्ष आपत्तींतले माणसांचे वागणे अभ्यासले, आणि चित्रपटांतल्या चित्रणाकडेही लक्ष दिले. त्यांचे निरीक्षण असे, की संकटात सैरावैरा पळणारा, लुटणारा, एकमेकांना तुडवणारा जमाव पडद्यावर जितका दिसतो तितका प्रत्यक्षात दिसत नाही. बहुसंख्य माणसे शहाणपणाने वागतात आणि पहिली मदत शेजाऱ्यांकडूनच येते. यासाठी परदेशी साक्षीचीही गरज नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईकरांनी अनोळखी माणसांना घरात घेतले आणि रस्त्यात अडकलेल्यांना चहा-बिस्किटे पुरवली. ज्या आठवड्यात समाज आपल्यावर काय गुदरले याचा अर्थ लावत असतो, त्याच आठवड्यात त्याच्यापुढे पळणाऱ्या जमावाचे आणि एकट्या नायकाचे चित्र ठेवले, तर तो चुकीचाच धडा घेईल. शिवाय चित्रपटात जे गळते तेही पाहावे. निसर्गने श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा झोपवल्या. सुपारीचे झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षे घेते. उडणारे छप्पर पडद्यावर पाच सेकंदांत दिसते. त्यानंतरचे पंचनामे, नुकसानभरपाईच्या याद्यांत नाव नसणे, पोफळीच्या जागी लावलेल्या रोपाकडे पाहत काढलेली वर्षे मात्र दिसत नाहीत. ‘तुम मिले’ने 26 जुलैची मुंबई दाखवली, पण त्याच पावसात महाड तालुक्यात दरडीखाली गेलेली गावे त्या तारखेच्या लोकप्रिय आठवणीत अजूनही नाहीत. शिकवायचेच असेल तर आठवडाभराने, त्या भागातल्या माहितीची जोड देऊन, चित्रपटानंतर दरडीची पूर्वचिन्हे सांगून शिकवावे: जमिनीला पडणारी भेग, झऱ्याचे अचानक गढूळ होणे, झाडे आणि खांब कलणे. तसे शिकवणे मदतच ठरेल.

चौथा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. भावना दुखावतात म्हणून बंदी, ही वाट कुठे जाते हे ‘केदारनाथ’ने दाखवलेच आहे. मृतांच्या नावाने सुरू झालेली मागणी पाहता पाहता दुसऱ्याच हेतूने वापरली जाते. केबल टीव्हीसाठी 1994 च्या नियमांत कार्यक्रमसंहिता आहे. सुरुची आणि सभ्यता यांना धक्का देणारे काही दाखवू नये, असे तिचे पहिलेच कलम सांगते. ते इतके मोघम आहे की त्याचा आधार घेऊन सरकारने चित्रपट थांबवावेत, असे मी कधीच म्हणणार नाही. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रसारमाध्यमांमार्फत इशारे आणि सूचना देण्याची तरतूद केली आहे, ती तेवढ्यावरच थांबते आणि तेच योग्य आहे. इथे हवा आहे तो संपादकाचा विवेक. दाखवण्याचा अधिकार असणे आणि दाखवणे योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे रक्षण न्यायालयाने करावे, दुसरीचा निर्णय वाहिनीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने करावा आणि त्याबद्दल प्रेक्षकाला उत्तर द्यावे. स्वेच्छेने थांबणाऱ्या वाहिन्या जितक्या वाढतील तितके बंदीची मागणी करणाऱ्यांच्या हातातले निमित्त कमी होईल.

शेवटचा आक्षेप खरे तर आक्षेप नाही, आरोप आहे, आणि तो रास्त आहे. कल्पित चित्रपटाला बोल लावणारी मंडळी बातम्यांकडे डोळेझाक करतात. एकच दरड, एकच कोसळणारे घर दिवसभर फिरवून फिरवून दाखवले जाते. खाली लाल पट्टी, मागे धडकी भरवणारे संगीत, कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘संग्रहित’ असले तर असते. बोस्टनची पाहणी लागू होते ती या दृश्यांना, चित्रपटाला नव्हे. 30 जुलै 2024 रोजी केरळमधल्या वायनाड येथे भूस्खलन झाले. त्यानंतर ऑगस्टमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना सूचना केली, की आपत्तीच्या दृश्यांवर तारीख आणि वेळ ठळकपणे द्यावी. कारण घटना होऊन दिवस उलटले तरी तीच दृश्ये ताजी असल्यासारखी फिरत राहतात आणि लोक विनाकारण घाबरतात. गावी आई-वडील असलेल्या पनवेलच्या माणसासाठी ‘कालची दरड’ आणि ‘आत्ताची दरड’ यांत झोपेचा फरक असतो. जपानी वाहिन्या त्सुनामीची दृश्ये दाखवण्याआधी तशी सूचना पडद्यावर देतात, म्हणजे ज्याला नको तो नजर वळवू शकतो. हाच विचार चित्रपटाला लावला की प्रश्नाचा मोठा भाग सुटतो. आणि चित्रपटाला जे नियम आपण लावू, ते बातमीला आधी लावायला हवेत, नाहीतर संवेदनशीलतेचा सगळा भार कल्पित कथेवर टाकून आपण खऱ्या दृश्यांचा बाजार मोकळा सोडू.

तेव्हा मागणी छोटी आणि नेमकी असावी. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यात शोधकार्य चालू आहे, तोवर मराठी वाहिन्यांनी आणि त्या भागातल्या केबलवाल्यांनी तशाच आपत्तीचा चित्रपट आणि विशेषतः त्याची जाहिरात थांबवावी. शोध संपल्यावर तो दाखवताना आरंभी स्पष्ट सूचना द्यावी आणि शक्य तिथे मदतीचा, सुरक्षेचा तपशील जोडावा. सिनेमागृहांनी खेळ चालू ठेवावेत, पण आपत्तीच्या नावावर जाहिरात करू नये. वृत्तवाहिन्यांनी प्रत्येक दृश्यावर तारीख द्यावी आणि संगीत काढून टाकावे. घरातल्या मोठ्यांनी मुलांबरोबर बसून पाहावे, नाहीतर बंद करावे. यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही आणि मोठा खर्चही येत नाही. पुढे ढकललेला चित्रपट बुडत नाही. फॉक्सचे ते भाग पाच महिन्यांनी दाखवले गेले, ‘आफ्टरशॉक’ जपानमध्ये चार वर्षांनी लागला. रायगड जिल्ह्यावर पुन्हा वादळ येणार आहे आणि डोंगरही पुन्हा सुटणार आहेत, हे गेल्या वीस वर्षांनी शिकवले आहे. त्या दिवशी वाहिनीच्या कार्यालयात ठरलेला चित्रपट बदलायचा की नाही हा निर्णय कुणीतरी पाच मिनिटांत घेणार आहे. त्याचे उत्तर आज, पाऊस नसताना, ठरवून ठेवले पाहिजे.